सेलेनियमची परीक्षा

सन १८१७ मध्यें बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानें गंधकाम्लाच्या कारखान्यांतील गाळांतून एक नवें मूलद्रव्य शोधून काढलें आणि ग्रीकांच्या चंद्रदेवतेवरून त्यास सेलेनियम हें नांव दिलें. पुढें शतकाहून अधिक काळ तें विष म्हणूनच ओळखलें जाई. अमेरिकेंतील साउथ डाकोटा संस्थानांत तें शोषून घेतलेला चारा खाऊन गुरांचे खूर झडत. १९५७ सालीं श्वार्त्स व फोल्ट्स यांनीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, अत्यल्प प्रमाणांत हेंच द्रव्य जीवास अवश्य आहे. पोषण व विष यांतील अंतर येथें फार थोडें. पुढें मात्र पुष्कळांस याचा विसर पडला.

१९८३ सालीं लॅरी क्लार्क यांनीं त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या १,३१२ रुग्णांवर परीक्षण आरंभिलें. निम्म्यांस रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, इतरांस दिसावयास तशाच पण निःसत्त्व गोळ्या. १९९६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्वचेच्या रोगास कांहींच आळा बसला नव्हता. परंतु प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग एका गटांत ३५ जणांस, तर सेलेनियम घेणाऱ्यांत अवघ्या १३ जणांस झाला होता. जें शोधावयास निघाले तें हातीं आलें नाहीं, आणि न शोधलेलें सांपडलें! एवढ्याशा आंकड्यांवर केवढी आशा उभारली गेली! सेलेनियमच्या गोळ्या प्रौढ पुरुषांच्या नित्यक्रमांत शिरल्या.

खरें-खोटें ठरविण्यासाठीं २००१ सालीं दुसरें, विशाल परीक्षण सुरू झालें. अमेरिका, कॅनडा व पोर्तो रिको येथील ३५,५३३ निरोगी पुरुषांनीं त्यांत स्वेच्छेनें भाग घेतला. कोणास सेलेनियम, कोणास ‘ई’ जीवनसत्त्व, कोणास दोन्ही, तर कोणास निःसत्त्व गोळी; आपल्या वांट्यास काय आलें हें त्यांस ठाऊक नव्हतें, त्यांच्या डॉक्टरांसही नव्हतें. बारा वर्षांपर्यंत चालावयाचें हें काम ऑक्टोबर २००८ मध्येंच थांबविण्यांत आलें, कारण लाभाचें चिन्ह दिसेना. २०११ सालीं तर असें आढळलें कीं, केवळ ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनीं अधिक झाला होता.

दोन परीक्षणांत हा विरोध कां पडावा? क्लार्क यांच्या रुग्णांत लाभ मुख्यतः ज्यांच्या रक्तांत सेलेनियम कमी होतें त्यांनाच झाला होता. दुसऱ्या परीक्षणांतील बहुतेकांना तें रोजच्या अन्नांतूनच पुरेसें मिळत होतें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत ज्यांच्या शरीरांत तें आधींच भरपूर होतें, त्यांच्यांत गोळ्यांमुळें उग्र स्वरूपाच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनीं वाढलेला दिसला.