मतभेदांसह ऐक्य : नागपूर येथील १९७० चे मंडळी-संघटन आणि त्याची पूर्वपीठिका

प्रस्तावना

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही एक मंडळी अस्तित्वात आली. अँग्लिकन मंडळी, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेतून घडलेली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, उत्तर भारतातील बॅप्टिस्ट मंडळ्या, चर्च ऑफ द ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेची मेथडिस्ट मंडळी अशा या सहा मंडळ्या होत. या घटनेचा विचार बहुधा प्रशासकीय विलीनीकरण म्हणून केला जातो. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न प्रशासकीय नव्हता. बाप्तिस्मा कोणाला द्यावा, पाळकाला दीक्षा देण्याचा अधिकार कोणाचा, मंडळीचा कारभार कोणी पाहावा, या प्रश्नांवर या सहा मंडळ्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती.

हे मतभेद किरकोळ नव्हते, हे युरोपच्या इतिहासावरून दिसते. प्रौढपणी, स्वतःच्या विश्वासाच्या कबुलीनंतर घेतलेला बाप्तिस्माच खरा, असे मानणाऱ्या फेलिक्स मान्झ यांना १५२७ मध्ये झुरिच येथे नदीत बुडवून ठार मारण्यात आले. आणि ही शिक्षा कॅथलिक सत्तेने नव्हे, तर प्रॉटेस्टंट नगरसभेनेच दिली होती. ज्या प्रश्नावर एका सुधारणावादी नगराने दुसऱ्या सुधारणावाद्याचा प्राण घेतला, त्याच प्रश्नावर परस्परविरुद्ध मते असणारे लोक नागपुरात एका मंडळीचे सभासद कसे झाले, आणि त्यासाठी कोणी काय सोडले व काय राखले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आयात झालेले भेद

पश्चिम भारतात प्रॉटेस्टंट मिशनांचे आगमन एकाच वेळी वा एकाच मार्गाने झाले नाही. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यांच्या मिशनने १८३१ पासून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे काम सुरू केले व तेथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले. गुजरातेत व तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रदरन मिशन काम करू लागले. प्रत्येक मिशनने सुवार्तेबरोबर आपापल्या देशातील वादही आणले.

याचे ठळक उदाहरण १८४३ मधील स्कॉटलंडच्या मंडळीतील फुटीचे आहे. तेथील पॅरिशमध्ये पाळक नेमण्याचा अधिकार जमीनदार आश्रयदात्याचा की मंडळीचा, हा त्या फुटीमागचा प्रमुख प्रश्न होता. मुंबईच्या परिस्थितीशी या प्रश्नाचा काहीही संबंध नव्हता. तरीही विल्सन व त्यांचे सहकारी फ्री चर्चला मिळाले आणि त्यांना शिक्षणसंस्थेची मूळ इमारत सोडून नव्याने उभारणी करावी लागली. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले तेही याच फ्री चर्चच्या वतीने. अशा रीतीने स्कॉटलंडमधील जमीनदारी हक्काच्या वादातून जन्मलेली मंडळी मध्य भारतात एक स्वतंत्र पंथ म्हणून नांदू लागली.

मिशनांमधील संघर्ष टाळण्यासाठी पुढे कार्यक्षेत्रे वाटून घेण्याची पद्धत रूढ झाली. एका मिशनच्या क्षेत्रात दुसऱ्याने जाऊ नये, असा हा अलिखित सौजन्याचा करार होता. तो नेहमी पाळला गेला असे नाही. पण त्याने उघड स्पर्धा बरीच कमी केली. मात्र त्याचा एक परिणाम विचार करण्याजोगा आहे. माणूस कोणत्या सिद्धान्ताचा अनुयायी होणार, हे त्याच्या विचारावरून नव्हे, तर तो कोणत्या जिल्ह्यात जन्मला यावरून ठरू लागले. अहमदनगरचा ख्रिस्ती बहुधा काँग्रिगेशनल, तर कोल्हापूरचा प्रेस्बिटेरियन. हे भेद त्याने निवडलेले नव्हते, त्याला वारशाने मिळालेले होते.

मराठी ख्रिस्ती विचारवंतांची भूमिका

या वारशाकडे मराठी ख्रिस्ती विचारवंतांनी निरनिराळ्या दृष्टीने पाहिले. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नीळकंठ (नेहेम्या) गोऱ्हे आरंभी अँग्लिकन मंडळीतील सुवार्तावादी मिशनच्या सहवासात होते. पुढे ते त्याच मंडळीतील परंपरा, संस्कारविधी व बिशपपद यांना महत्त्व देणाऱ्या विचाराकडे वळले. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरात गोऱ्हे यांच्या लेखनाचा वाटा होता. तथापि १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन मंडळीत बाप्तिस्मा घेतल्यानंतर रमाबाईंनी वेगळाच मार्ग धरला. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्रैक्याच्या सिद्धान्तापासून मंडळीच्या अधिकारापर्यंत अनेक विषयांवर खडाजंगी झाली. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच उतरवल्यावर त्याच प्रकारचे दुसरे जोखड मानेवर घेण्यास आपण तयार नाही, असा त्यांच्या १८८५ मधील प्रतिपादनाचा आशय होता. गोऱ्हे यांना निश्चिती परंपरेत मिळाली, रमाबाईंना ती स्वतःच्या सदसद्विवेकात मिळाली. गुरुस्थानी असलेला व शिष्यस्थानी असलेली व्यक्ती एकाच मंडळीत राहून एकमेकांपासून इतकी दूर जाऊ शकतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला व त्यांचे कार्य प्रामुख्याने अमेरिकन मिशनशी निगडित राहिले. परंतु त्यांची भजने कोणत्याही एका मिशनची राहिली नाहीत. निरनिराळ्या परंपरांच्या मराठी मंडळ्यांनी ती आपलीशी केली. टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते अँग्लिकन मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी लिहिलेले होते, ही बाब बोलकी आहे. सिद्धान्ताच्या चर्चेत जे जमले नव्हते, ते मराठी भजनात आधीच जमून गेले होते. उपासनेतील भाषा एक झाल्यावर सिद्धान्तातील भेद नाहीसे झाले नाहीत, परंतु परकेपणा कमी झाला.

ऐक्याच्या दिशेने

ऐक्याची मागणी संघटितपणे पुढे आली ती दक्षिणेतून. १९०८ मध्ये प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांची साउथ इंडिया युनायटेड चर्च स्थापन झाली होती. मे १९१९ मध्ये तरंगमबाडी (ट्रांकेबार) येथे पाळकांची परिषद भरली. तीत दोघे वगळता सर्व भारतीय होते. डोर्नकलचे बिशप व्ही. एस. अझरय्या हे तिचे एक प्रवर्तक होते. भारतीय ख्रिस्ती जनांना विभागणारे भेद त्यांच्यावर लादले गेले आहेत, ते त्यांनी निर्माण केलेले नाहीत, ही या परिषदेच्या निवेदनाची मूळ भूमिका होती. १९२७ मध्ये लोझान येथील जागतिक परिषदेत अझरय्या यांनी हाच विचार पाश्चात्त्य मंडळ्यांसमोर ठेवला. पाश्चात्त्य देशांत मंडळीभेद ही दुर्बलता असेल, परंतु ख्रिस्तेतर समाजात राहणाऱ्या मंडळीसाठी ते पाप व लांच्छन आहे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते.

तरंगमबाडीच्या परिषदेपासून चर्चेला २८ वर्षे लागली. अखेर २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. पूर्वी बिशपकडून दीक्षा न घेतलेल्या पाळकांना नव्याने दीक्षा घेण्याची सक्ती झाली नाही. त्यापुढील दीक्षा मात्र बिशपच्या हस्ते होतील असे ठरले. कोणत्याही स्थानिक मंडळीवर तिच्या सदसद्विवेकाविरुद्ध अपरिचित उपासनापद्धती वा सेवक लादला जाणार नाही, असे अभिवचनही देण्यात आले. या उदारतेची किंमत मोजावी लागली. जगातील अँग्लिकन मंडळ्यांशी नव्या मंडळीचे पूर्ण सहभागित्व दीर्घकाळ अनिश्चित राहिले.

नागपूरचा तोडगा

उत्तरेत १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाची स्थापना झाली व १९२९ पासून व्यापक ऐक्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या. दक्षिणेपेक्षा येथील प्रश्न अधिक अवघड होता, कारण येथे बॅप्टिस्ट, ब्रदरन व डिसायपल्स या विश्वासणाऱ्यांच्याच बाप्तिस्म्याचा आग्रह धरणाऱ्या मंडळ्याही वाटाघाटीत होत्या. ४१ वर्षांच्या चर्चेतून निघालेल्या तोडग्याची तीन अंगे महत्त्वाची आहेत.

पहिले अंग बाप्तिस्म्याचे. बालबाप्तिस्मा व विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती पर्याय म्हणून मान्य झाल्या. बालपणी बाप्तिस्मा झालेली व्यक्ती पुढे स्वतःच्या मुखाने विश्वासाची कबुली देते; ज्या बालकाचे केवळ समर्पण होते, त्याला पुढे कबुलीनंतर बाप्तिस्मा मिळतो. दोन्ही मार्गांचा आरंभ निराळा असला तरी शेवट पूर्ण सभासदत्वातच होतो. मात्र बालपणी बाप्तिस्मा झालेल्याने प्रौढपणी पुन्हा तो मागितला तर काय, हा प्रश्न नाजूकच राहिला. अँग्लिकनांच्या दृष्टीने ती निषिद्ध पुनरावृत्ती होती, तर बॅप्टिस्टांच्या दृष्टीने तोच पहिला खरा बाप्तिस्मा होता.

दुसरे अंग बिशपपदाचे. हे पद ऐतिहासिक परंपरेतील असेल, तसेच ते घटनेने मर्यादित असेल, असे ठरले. पण त्याचा एकच धर्मशास्त्रीय अर्थ सर्वांनी मानावा अशी अट घातली गेली नाही. बिशपबरोबर निर्वाचित परिषदा व सिनड असल्यामुळे प्रेस्बिटेरियन परंपरेला, तर स्थानिक मंडळीच्या कारभारामुळे काँग्रिगेशनल परंपरेला आपली ओळख त्यात सापडली.

तिसरे अंग सेवकवर्गाच्या एकीकरणाचे. नागपुरात निरनिराळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. ज्याच्या सेवेत जे उणे असेल ते देवाने भरून काढावे, असा तिचा आशय होता. ही पुनर्दीक्षा होती काय? काही अँग्लिकनांनी तिला दीक्षेचा अर्थ दिला. मंडळीस्वातंत्र्यवाद्यांनी तिला परस्परमान्यता समजले. मसुदाकर्त्यांनी हा अर्थ जाणीवपूर्वक खुला ठेवला. टीकाकारांनी याला संदिग्धता म्हटले व ती टीका निराधार नव्हती. परंतु उणे नेमके कोणात आहे हे सांगण्याचा अधिकार कोणीही स्वतःकडे घेतला नाही, हा या मौनाचा दुसरा व अधिक महत्त्वाचा अर्थ आहे.

तोडग्याच्या मर्यादा

या यशाचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादा झाकता येत नाहीत. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ही मोठी मंडळी वाटाघाटीत अखेरपर्यंत सहभागी होती; मात्र १९७० मध्येच, संघटनाच्या उंबरठ्यावर तिने माघार घेतली व १९८१ मध्ये ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाली. लुथरन व अनेक सुवार्तावादी मंडळ्याही बाहेर राहिल्या. त्यांच्यापैकी अनेकांच्या मते सिद्धान्तातील स्पष्टता हे सत्याशी इमान होते. ऐक्यासाठी ती सैल करणे त्यांना मान्य नव्हते आणि या भूमिकेला केवळ हट्ट म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे ठरेल.

दुसरी मर्यादा मालमत्तेची. ब्रदरन मंडळीतील एका गटाने संघटन नाकारले व गुजरातेतील मालमत्तेचा वाद न्यायालयात गेला. मंडळीने विलीनीकरणाचा ठराव केला एवढ्याने सार्वजनिक विश्वस्तसंस्थेची मालमत्ता आपोआप नव्या मंडळीकडे जात नाही, असा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढला. बाप्तिस्म्यावरील चार शतकांचा वाद एका परिच्छेदात सामावला गेला, पण इमारती व जमिनी यांचा वाद ४३ वर्षांनीही शमला नव्हता. सिद्धान्ताविषयीचे मौन दोन्ही पक्षांना सोयीचे ठरू शकते. मालमत्तेच्या बाबतीत तसे मौन ठेवता येत नाही.

निष्कर्ष

नागपूरच्या संघटनाने सिद्धान्तांचा प्रश्न सोडवला नाही. त्याने प्रश्नांची विभागणी केली. काय सर्वांनी मिळून मानले पाहिजे आणि कशाचा अर्थ प्रत्येकाच्या सदसद्विवेकावर सोडता येतो, ही सीमारेषा आखणे हे त्याचे खरे कार्य होय. पवित्र शास्त्र, प्राचीन मतांगिकार, बाप्तिस्मा व प्रभुभोजन सर्वांचे; त्यांचे स्पष्टीकरण मात्र एकच असण्याची अट नाही. अशा रचनेत रमाबाईंचा विवेक आणि गोऱ्हे यांची परंपरा या दोहोंना जागा राहते.

या इतिहासातून आणखी एक गोष्ट दिसते. सहवास बहुतेक ठिकाणी सहमतीच्या आधी आला. भजने, शाळा, रुग्णालये व विवाहसंबंध यांत माणसे आधी एकत्र आली, मसुदे नंतर तयार झाले. त्याचबरोबर जेथे सत्ता व संपत्ती यांचे प्रश्न वेळीच स्पष्ट केले गेले नाहीत, तेथे प्रार्थनेतील ऐक्य न्यायालयाच्या दारात अपुरे पडले. मतभेद असलेल्यांनी एकत्र राहावयाचे तर श्रद्धेच्या बाबतीत काही अर्थ खुले ठेवावे लागतात आणि व्यवहाराच्या बाबतीत काहीच मोघम ठेवून चालत नाही, असे या शतकभराच्या अनुभवावरून म्हणता येईल.