गहाण, व्याज आणि पत

मुलीचे लग्न, घरातले आजारपण किंवा पावसाने बुडविलेला हंगाम, यांपैकी काहीतरी एक होऊन दागिने गहाण पडले नाहीत असे घर आपल्या धर्मग्रामांत विरळाच. मात्र त्या व्यवहाराविषयी चारचौघांत बोलायचे नाही, अशी आपली रीत आहे. कर्जाचा आणि व्याजाचा प्रश्न हा सावकाराच्या ओटीवरचा, मंदिराच्या वेदीशी त्याचा काय संबंध, असेही आपल्याला वाटते. वस्तुतः या प्रश्नावर ख्रिस्तसभेने शतकानुशतके वाद घातला आहे. त्या वादाची कथा आपल्या पतपेढीच्या दारापर्यंत येऊन पोहोचते, म्हणून ती येथे सांगत आहोत.

मध्ययुगात ख्रिस्तसभेची भूमिका कडक होती. निर्गमच्या ग्रंथात गरिबाकडून व्याज घेण्यास मनाई आहे. लूकच्या शुभवर्तमानात परतफेडीची आशा न धरता उसने द्यावे, अशी प्रभू येशूची शिकवण आहे. 1179 सालच्या तिसऱ्या लॅटेरन परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्तशरीर संस्कार आणि ख्रिस्ती दफन हे दोन्ही नाकारले. पैसा वांझ आहे, त्याला पिल्ले होत नाहीत, असा पंडितांचा युक्तिवाद होता. परंतु मनाईमुळे गरज संपत नाही. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला आणि माल विकत घेताना कारागिराला पैसा लागे तो लागेच. तो उसना मिळे तेव्हा जबर दराने मिळे.

यावर इटलीतील फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी एक तोड काढली. 1462 मध्ये पेरुजिया शहरात ‘मोन्ते दि पिएता’ ही संस्था उभी राहिली. ‘मोन्ते’ म्हणजे ढीग आणि ‘पिएता’ म्हणजे करुणा. थोडक्यात, करुणेपोटी जमविलेल्या पैशाचा ढीग. देणग्यांतून आणि दानातून भांडवल गोळा होई. गरजू मनुष्य अंगरखा, तांब्याचे भांडे किंवा एखादे हत्यार घेऊन येई, आणि त्या वस्तूच्या किमतीपेक्षा कमी रक्कम त्याला कर्जाऊ मिळे. मुदतीत फेड झाली नाही तर वस्तूचा लिलाव होई. मात्र कर्ज वळते करून जे उरे ते मूळ मालकाला परत करीत. (सोनेतारण कर्जाच्या लिलावातून उरलेली रक्कम कर्जदाराला परत द्यावी, असा आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचाही नियम आहे. गहाण ठेवणाऱ्या किती जणांना तो ठाऊक असतो?)

खरे भांडण पुढेच आहे. पेढी चालवायची तर कारकुनाला पगार आणि जागेला भाडे द्यावे लागते. तो खर्च भागविण्यासाठी कर्जदाराकडून थोडी जादा रक्कम घ्यावी की नाही? कित्येक डोमिनिकन पंडित म्हणाले, हे व्याजच, म्हणून पाप. उलट फेल्त्रेचे फ्रान्सिस्कन प्रवचनकार बेर्नार्दिनो यांचे म्हणणे असे की, काहीच आकारले नाही तर ढीग झिजत जाईल आणि उद्याच्या गरिबासाठी त्यात काही उरणार नाही. अखेर 1515 च्या मे महिन्यात पाचव्या लॅटेरन परिषदेत दहावे लिओ या परमगुरूंनी निर्णय दिला: केवळ संस्थेचा खर्च भागावा, नफा होऊ नये, या मर्यादेत अशी आकारणी पाप नव्हे. आमच्या मते या निर्णयाचे महत्त्व व्याजाला मुभा मिळाली यात नाही. ‘व्याज किती?’ याच्या जोडीला ‘ते कोणाच्या पदरी जाते?’ हा प्रश्न विचारला गेला, यात ते आहे.

या चळवळीची एक काळी बाजू आहे आणि ती झाकणे बरे नव्हे. बहुतेक व्यवसाय बंद करून ज्यांना सावकारीकडे ढकलले होते, त्या यहुदी लोकांविरुद्ध याच प्रवचनकारांनी द्वेष पेटविला. बेर्नार्दिनो त्यात आघाडीवर होते. गरिबांसाठी पेढी आणि शेजाऱ्यासाठी हद्दपारी, दोन्ही एकाच व्यासपीठावरून!

मोन्तेची आणखी एक मर्यादा होती. ज्याच्यापाशी गहाण ठेवायला भांडेही नाही, त्याने काय करावे? याचे उत्तर चार शतकांनी जर्मनीतील एका प्रॉटेस्टंट नगराध्यक्षाने दिले. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांनी 1864 मध्ये हेडेस्डॉर्फ येथे जी पतसंस्था काढली, तिच्यात सभासद एकमेकांच्या कर्जाला जबाबदार राहत. तारण वस्तूचे नव्हते, शेजाऱ्याच्या शब्दाचे होते. मराठीत ‘पत’ या एकाच शब्दात अब्रूही येते आणि उधारीची लायकीही येते. रायफायझेनची सारी युक्ती त्या शब्दात मावते.

आपल्या महाराष्ट्रात या युक्तीची निकड 1875 मध्येच दिसून आली होती. त्या वर्षी 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, आणि उठाव अहमदनगरपर्यंत पसरला. त्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. पुढे 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तो हाती येताच छोटानागपूरमध्ये येशूसंघीय फादर जॉन हॉफमन यांनी 1909 साली कॅथलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली. मुंडा आदिवासींची जमीन कर्जापायी हातची जात होती, हे त्यांनी पाहिले होते. 1908 च्या छोटानागपूर कूळकायद्यामागेही त्यांचे श्रम होते. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, जर्मन म्हणून त्यांना देशाबाहेर काढले गेले. संस्था मात्र मागे राहिली आणि टिकली, कारण ती सभासदांची होती.

त्यानंतर तीनच वर्षांनी, 1918 मध्ये, वसईत कॅथलिक पतसंस्था उभी राहिली. आजची बेसिन कॅथलिक सहकारी बँक ती हीच. केळीच्या वाडीवर आणि भाजीच्या मळ्यावर जगणाऱ्या कुटुंबांना बचत ठेवायला आणि कर्ज मागायला आपली म्हणावी अशी जागा मिळाली. पेरुजियाच्या खिडकीत मनुष्य एकटा अंगरखा घेऊन उभा राही. पतसंस्थेच्या अर्जावर कर्जदाराच्या सहीखाली जामीनदाराचीही सही लागते. मोबाइलवर काही मिनिटांत कर्ज देणारे आज त्या सहीसाठी अडून बसत नाहीत.