पिंजऱ्यात माणूस, मोकळा शार्क

दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, केप टाउनपासून मोटारीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर गान्सबाय हे मच्छीमारांचे छोटे गाव आहे. गावासमोरच्या समुद्रात डायर बेट आणि त्याच्या शेजारी गायझर रॉक हा खडक आहे. खडकावर हजारो केप फर सीलची वस्ती असते. या दोहोंमधल्या उथळ, अरुंद पाण्याला ‘शार्क अॅली’, म्हणजे शार्कची गल्ली, असे नाव पडले. सीलच्या मागावर येणाऱ्या ग्रेट व्हाइट शार्कमुळे गान्सबाय जगाच्या पर्यटन नकाशावर आले आणि १९९० च्या दशकापासून येथील अनेक कुटुंबांची चूल याच शार्कवर पेटू लागली.

या माशाविषयीची भीती जुनी असली, तरी ती घरोघरी पोहोचवली पीटर बेंचली यांच्या १९७४ मधील ‘जॉज’ कादंबरीने आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९७५ मधील चित्रपटाने. त्यानंतर भिंतीवर जबडा टांगण्याची हौस बोकाळली. (बेंचली यांनी पुढे शार्कच्या संरक्षणासाठी हिरिरीने काम केले, हेही नमूद करायला हवे.) वास्तविक हा प्राणी शिकारीचा मारा सोसणारा नव्हे. मादी साधारण तिशी ओलांडल्यावरच प्रजननक्षम होते आणि एका वेळी मोजक्याच पिल्लांना जन्म देते. १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने या शार्कला कायद्याचे संरक्षण दिले. असे करणारा तो जगातील पहिला देश. २००४ मध्ये ‘साइट्स’ करारानुसार त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आले.

मारलेल्या शार्कचे पैसे एकदाच मिळतात, जिवंत शार्क रोज दाखवता येतो, हे गणित कायद्याच्या मदतीला आले. पिंजऱ्याची कल्पना मात्र ऑस्ट्रेलियातली. १९६३ मध्ये शार्कच्या हल्ल्यातून वाचलेल्या रॉडनी फॉक्स यांनी ती पुढे आणली. गान्सबायला बोटीच्या कडेला पोलादी पिंजरा बांधतात, पाण्यात माशांचे तेल व तुकडे यांचे मिश्रण सोडतात आणि शार्क जवळ आला की पर्यटक श्वास रोखून क्षणभर पाण्याखाली जातात. प्राणवायूच्या नळकांड्यांची गरज पडत नाही. या बोटींवरूनच संशोधकांना शार्कच्या पाठीवरील परांची छायाचित्रे आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी मिळाल्या. पर्यटनाच्या पैशाचा हातभार लागून २०१५ मध्ये गावात पेंग्विन व समुद्रपक्ष्यांसाठी शुश्रूषा केंद्रही उभे राहिले.

अर्थात, आमिषामुळे शार्क बोटीला व माणसाला सरावतो हा आक्षेप आहेच. मेक्सिकोने तर २०२३ मध्ये ग्वादालूपे बेटावरील शार्क पर्यटन बंदच केले.

गान्सबायला फटका बसला तो वेगळ्याच दिशेने. २०१७ मध्ये किनाऱ्यावर मेलेले शार्क वाहून येऊ लागले. छाती फाडलेली, यकृत नाहीसे. ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ या टोपणनावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन नर ओर्कांचे हे काम असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. शार्कचे यकृत चरबीने भरलेले असते आणि ओर्काला तेवढेच हवे असते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा आठ मृत शार्कची नोंद आहे. त्यांपैकी सातांचे यकृत गायब होते. उरलेले शार्क आठवडेच्या आठवडे, पुढे महिनोन्‌महिने, परतले नाहीत.

सगळा दोष ओर्कांवर टाकणे काहींना सोयीचे वाटते. परंतु क्वाझुलू-नाताल किनाऱ्यावर स्नान करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी १९५२ पासून लावलेल्या जाळ्यांत हे संरक्षित शार्कही मरतात आणि त्यांचे भक्ष्य असलेल्या लहान शार्कची लांब दोरीच्या गळांनी मासेमारी होत आली आहे. शार्क केवळ पूर्वेकडे सरकले की त्यांची संख्याच घटली, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. स्टेलनबॉश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये देशातील त्यांची संख्या जेमतेम ३५३ ते ५२२ असल्याचा अंदाज मांडला होता. तो अनेकांना मान्य नाही.

बोटी मात्र थांबलेल्या नाहीत. पिंजऱ्यासमोर आता बहुधा येतो तो तांबूस ‘ब्रॉन्झ व्हेलर’ शार्क. पर्यटक त्याच्यावरही खूश असतात. १९९१ च्या कायद्याचे संरक्षण त्याला नाही, आणि मच्छीमारांच्या गळाला लागल्यास तो आजही बाजारात जातो.