संस्थापकालाही आखून दिलेली हद्द

एका रुग्णाने दुसऱ्याला औषध सांगू नये, हा नियम डॉक्टरांनी आपलं दुकान राखण्यासाठी केला, असा समज बराच रुजलेला आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचा इतिहास पाहिला तर तो टिकत नाही. तिथे ही हद्द सदस्यांनीच घातली, आणि तीही खुद्द संस्थापकाला आवरताना. १९३५ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनला बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले. विल्सन न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातले, स्मिथ शल्यविशारद. दारू शरीराचं काय करते हे स्मिथना कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी ती सुटली ती दुसऱ्या दारुड्याशी बोलल्यावर. पुण्यामुंबईच्या सभांमध्येही माणूस उभा राहून ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि पुढे बोलतो ते स्वतःपुरतंच.

पण ज्याच्यामुळे दारू सुटली, त्याचा शब्द दारूपुरता राहत नाही. विल्सनना नैराश्याचा जुना त्रास होता. १९६०च्या दशकात कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ अब्राम हॉफर यांच्या सांगण्यावरून त्यांनी नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, मोठ्या मात्रेत घेतलं आणि त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी ते ओळखीच्या सदस्यांना दिलं. १९६५ पासून संघटनेतल्या डॉक्टरांसाठी त्यावर पुस्तिकाही काढल्या. यात त्यांचा पैशाचा स्वार्थ दिसत नाही, आणि खरी अडचण तीच होती, कारण भोंदूला हाकलणं सोपं असतं. अखेर १९६७ मध्ये विश्वस्त मंडळाने ठरवलं की नायसिनबद्दलचा पत्रव्यवहार संघटनेच्या कार्यालयातून न होता वेगळ्या पत्त्यावरून व्हावा. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या समितीने मनोविकारांवरच्या या महामात्रेच्या उपचाराचे दावे अमान्य केले. नायसिनच्या अशा मात्रेने अंग लालबुंद होऊन भाजल्यासारखं होतं, आणि यकृतालाही इजा होऊ शकते.

उलट दिशेची चूक याहून जिवावरची होती. नशेच्या गोळ्यांनी पोळलेल्या सदस्यांना गोळी म्हटलं की धडकी भरे. त्या भीतीपोटी ते नैराश्याची, फिट्सचीसुद्धा औषधं सोडायला सांगत. काहींनी ती सोडली, आजार उलटला आणि काही आत्महत्याही झाल्या. संघटनेने १९८४ च्या आपल्या पत्रकात हे लपवलं नाही. कोणाही सदस्याने डॉक्टरकी करू नये, असं तिथे स्वच्छ बजावलं आहे.

यावर आक्षेप असा की डॉक्टर ऐकून घेत नाहीत, आणि आजार भोगणाऱ्यालाच तो नीट कळतो. पहिलं अनेकदा खरं आहे. दुसऱ्याची कसोटी एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजारात लागली. २००८ मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासाने लिथियममुळे तो मंदावतो असा दावा केला. हाताशी वेळ नसलेल्या रुग्णांनी डॉक्टरांकडून ते लिहून घेतलं आणि स्वतःच्या नोंदी ‘पेशंट्सलाइकमी’ या रुग्णांच्या संकेतस्थळावर जमवल्या. १४९ जणांची तुलना औषध न घेतलेल्या, तशाच अवस्थेतल्या रुग्णांशी केली तेव्हा काहीच फरक दिसला नाही. निष्कर्ष २०११ मध्ये छापून आला. रुग्णांच्या अनुभवातून ज्ञान निघालं यात शंका नाही, पण ते निघालं अनुभव मोजल्यावर, औषध न घेणाऱ्यांशी ताडून पाहिल्यावर. ‘मला गुण आला’ एवढ्यावर थांबले असते तर लिथियम आणखी कित्येकांच्या पोटात गेलं असतं.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: अनुभव सांगणं आणि सल्ला देणं यांतली रेघ कागदावरच राहते, ऐकणारा अनुभवालाच सल्ला समजतो. हे मान्य करावंच लागेल. पण ती रेघ पुसली तर बोलणाऱ्याकडे नसलेली माहितीही त्याच्याकडे आहे असं धरलं जातं. समोरच्याचं यकृत कसं आहे, त्याला फिट्स येतात का, तो आणखी कोणत्या गोळ्या घेतो, यातलं काहीही विल्सनना ठाऊक असण्याची सोय नव्हती.