टायरच्या दुकानातील जमीन : खानदेशचे एक न वाचलेले दप्तर

१/ धुळे म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला प्रथम इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आठवतात. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे याच शहरात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. मंडळाने कागद जपले. मात्र याच शहराच्या वेशीवर आणखी एक दप्तर पसरलेले आहे, जे कोणी जपले नाही. ते म्हणजे महामार्गालगतच्या टायर दुकानांची जमीन. हा धागा त्या जमिनीविषयी आहे.

२/ प्रथम भूगोल. मुंबई–आग्रा रस्ता आणि सुरत–नागपूर रस्ता एकमेकांस छेदतात ते धुळ्याजवळ. जुन्या क्रमांकांनुसार हे राष्ट्रीय महामार्ग ३ आणि ६. आज इंदूरकडे जाणारा मार्ग ५२ क्रमांकाचा, तर सुरत–नागपूर मार्ग ५३ क्रमांकाचा. सोलापूरकडचा फाटाही येथूनच निघतो. जळगाव याच ५३ क्रमांकाच्या मार्गावर आहे. जेथे इतके मार्ग मिळतात, तेथे चाके झिजतात. आणि जेथे चाके झिजतात, तेथे ती दुरुस्त करणारा असतोच.

३/ हा दुरुस्त करणारा रबरी टायरपेक्षा पुष्कळ जुना आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जे लोखंडी कडे बसवतात, त्याला मराठीत ‘धाव’ म्हणतात. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घडवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची, प्रसरण पावली की जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते व चाक घट्ट आवळले जाते. लोहार-सुताराचे हे अंगण म्हणजे खानदेशातील पहिले टायरचे दुकान होय.

४/ त्या अंगणाची जमीन कशी होती? येथे तापीचे खोरे समजून घ्यावे लागते. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन येथे काळी कसदार माती बनली. कापूस आणि केळी यांना ती वरदान. बांधकामाला मात्र शाप. या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. पावसाळ्यात ती वर येते, उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. तिच्यावर थेट घातलेली कोणतीही टणक फरशी कालांतराने तडकते.

५/ यावर गावगाड्याने शोधलेला उपाय साधा होता. काळी माती उकरून काढायची, खड्ड्यात मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मसाने चोपायचा आणि वरून शेणाने सारवायचे. ही जमीन टणक नव्हती, पण समजूतदार होती. खालून आलेली ओल तिच्यातून बाहेर पडून जाई. भेग पडली तर पुन्हा सारवले की काम भागे. तिचे टिकाऊपण वारंवार घेतल्या जाणाऱ्या निगेत होते. ही निगा बहुधा घरातील स्त्रिया राखत, आणि कोणत्याही कागदात तिची नोंद होत नसे.

६/ वाड्यांत, देवळांत व पेढ्यांत चुन्याचा कोबा असे. बैलाच्या घाणीत चुना मळायचा, त्यात वाळू व विटांची सुरखी मिसळायची, थर पसरून तो दिवसचे दिवस चोपायचा. मिश्रणात गूळ, हिरडा यांचे पाणी घालण्याचीही रीत होती. चांगला घोटलेला कोबा तुळतुळीत दिसतो आणि तरीही सच्छिद्र राहतो. गुळगुळीत म्हणजे बंद नव्हे, ही गोष्ट त्या गवंड्यांना ठाऊक होती.

७/ खडकावर लेप कसा धरून राहतो, याचा सर्वांत प्रसिद्ध धडा जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवर आहे. अजिंठ्याच्या भिंती चित्रांसाठी गुळगुळीत केल्या नव्हत्या. छिन्नीच्या खुणांसह त्या खडबडीत ठेवल्या गेल्या. त्यावर माती, भुसा व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्याच्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग. खडबडीतपणामुळे लेपाला पकड मिळाली. आजचा कारागीर काँक्रीट यंत्राने घासून मगच त्यावर कोटिंग चढवतो, तो हाच नियम पाळत असतो.

८/ १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचे ठाणे केले. १८६० च्या दशकात लोहमार्ग जळगाव-भुसावळपर्यंत आला आणि कापसाची बाजारपेठ फोफावली. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे. १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून भारतीय पोर्टलंड सिमेंट बाहेर पडू लागले. चुन्याच्या कोब्याची जागा हळूहळू सिमेंटच्या कोब्याने घेतली. शब्द तोच राहिला, पदार्थ बदलला.

९/ १९३६ मध्ये डनलॉपने बंगालमधील साहागंज येथे टायरचा कारखाना सुरू केला. मालमोटारी वाढल्या, तसा लोहाराच्या अंगणाशेजारी नवा धंदा उभा राहिला : हवा, पंक्चर, रिमोल्डिंग. महाराष्ट्राच्या महामार्गांवर या टपऱ्या चालवणाऱ्यांत केरळहून आलेले कारागीर इतके दिसू लागले की, ‘केरळी पंक्चरवाला’ ही ओळख रूढ झाली. रबराच्या मळ्यांचा प्रदेश आणि कापसाचा प्रदेश असे रस्त्याच्या कडेला एकत्र आले.

१०/ या धंद्याने जमिनीकडून जे मागितले, ते सिमेंटच्या कोब्याला पेलवणारे नव्हते. भरलेल्या ट्रकचा भार जॅकच्या तळव्याएवढ्या जागेवर येतो. पहार व घण हातातून निसटून पडतात. तेल आणि ग्रीस सच्छिद्र सिमेंटमध्ये मुरतात. लोखंडी रिंग घासून पृष्ठभागाची धूळ होते. तीच धूळ नव्या टायरच्या कडेत अडकली की ट्यूबलेस टायरमधून हवा गळते. जमीन खराब असेल तर कामही खराब होते, हे येथे अक्षरशः खरे ठरते.

११/ आता दृश्य बदलते. १९३० च्या दशकाचा उत्तरार्ध, स्वित्झर्लंड. पिएर कास्तां हा रसायनशास्त्रज्ञ दंतवैद्यकाचे साहित्य बनवणाऱ्या दे त्रे या कंपनीत कृत्रिम दातांसाठी पदार्थ शोधत होता. कडक होताना फारसा न आकसणारा, आतून पोकळ्या न सोडणारा पदार्थ त्याला हवा होता. त्याने एक राळेसारखे रेझिन तयार केले. दातांच्या बाजारात ते विशेष चालले नाही. मात्र बाझेलच्या सिबा कंपनीने त्याचे हक्क घेतले.

१२/ अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हा डेव्हो अँड रेनॉल्ड्स या रंग बनवणाऱ्या कंपनीसाठी स्वतंत्रपणे त्याच दिशेने काम करत होता. त्याचे लक्ष लेपांवर होते. १९४६ मध्ये सिबाने ‘अ‍ॅराल्डाइट’ बाजारात आणले. भारतातील अनेक घरांत दोन छोट्या नळ्यांच्या रूपाने हे नाव पोहोचले. एका नळीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही एकत्र आले की रेणूंचे जाळे विणले जाते आणि ते पुन्हा वितळवता येत नाही. दातासाठी शोधलेला पदार्थ गोंद झाला, रंग झाला आणि पुढे जमीन झाला. हाच इपॉक्सी.

१३/ भारतातील त्याची वाट खानदेशच्या शेजारून जाते. वलसाडजवळील अतुल कंपनी आणि सिबा यांनी १९६० मध्ये ‘सिबातुल’ ही संयुक्त कंपनी स्थापन केली. इपॉक्सी रेझिन देशात बनू लागले. दुसरीकडे, जळगावलाही बहुवारिकांची ओळख झाली : जैन उद्योगसमूहाने १९८० मध्ये पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू केले आणि येथील औद्योगिक वसाहत प्लास्टिकच्या चटयांसाठी प्रसिद्ध झाली. ज्या गावात चटई प्लास्टिकची झाली, तेथे जमीनही रेझिनची होणे फारसे नवलाचे नव्हते.

१४/ इपॉक्सी जमीन म्हणजे नेमके काय? रोलरने लावलेला पातळ थर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो. आपोआप समपातळीत पसरणारा थर साधारण २ ते ३ मिलिमीटरचा असतो. वाळू मिसळलेला इपॉक्सी गिलावा ५ ते ६ मिलिमीटरचा असतो आणि जॅकचा मार खरे तर तोच सोसतो. चकाकी तिघांचीही सारखीच. दुकानदाराला दिसते ती चकाकी. टिकते ती जाडी, आणि त्याहून अधिक खालची तयारी.

१५/ खानदेशात या लेपाचा पहिला शत्रू ऊन. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. डांबर त्याहून कितीतरी तापते. सामान्य तापमानाला कडक झालेले साधे इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या पट्ट्यात मऊ पडू लागते. महामार्गावरून आलेला तप्त टायर त्यावर उभा राहतो, थंड होताना आकसतो आणि कमकुवत लेप सोबत उचलतो. लोहाराच्या अंगणात तापलेली धाव जमिनीवर येई. आज तापलेले रबर येते. प्रश्न जुनाच आहे.

१६/ उष्णतेचा दुसरा परिणाम बादलीत दिसतो. रेझिन व हार्डनर मिसळल्यावर काम उरकण्यास मोजकी मिनिटे मिळतात. तापमान १० अंशांनी वाढले की ती साधारण निम्मी होतात. भर दुपारी मिश्रण बादलीतच तापून दगड होते. म्हणून जाणते कारागीर पहाटे किंवा रात्री काम धरतात. सारवणाची वेळ ठरवणारी गृहिणी आणि हे कारागीर ऋतूचे एकच पंचांग वाचतात.

१७/ दुसरा शत्रू ओल. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. काँक्रीटखाली ओल अडवणारा थर नसेल, तर वाफ वर चढते आणि बंद लेपाखाली साचून फोड आणते. त्यासाठी साधी परीक्षा आहे : प्लास्टिकचा कागद चारही कडांनी जमिनीला चिकटवून किमान १६ तास ठेवावा. खाली थेंब जमले तर लेप लावू नये. नवे काँक्रीटही सामान्यतः २८ दिवस मुरू द्यावे लागते. ‘टिकाऊ’ हा शब्द डब्यावर छापलेला असतो. तो खरा ठरतो की नाही, हे डब्याखालची माती ठरवते.

१८/ तिसरा शत्रू टायर स्वतः. रबर उन्हाने व ओझोनने फुटू नये म्हणून त्यात संरक्षक रसायने घालतात. ती हळूहळू बाहेर झिरपतात आणि फिकट जमिनीवर तपकिरी डाग सोडतात. ते घासून जात नाहीत, कारण ते वर बसलेले नसतात, आत शिरलेले असतात. म्हणूनच टायरच्या दुकानात करडा किंवा गडद रंग शहाणपणाचा ठरतो. यातल्याच एका रसायनापासून बनणारा पदार्थ नदीतील सामन माशांना घातक असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले. तेल न पिणारी जमीन स्वच्छ असते. पण तिच्यावरून धुतलेले पाणी कोठे जाते, हा प्रश्न पांझरा आणि गिरणा यांच्या काठी राहणाऱ्यांनी विचारलाच पाहिजे.

१९/ बंद लेपाचा मोह किती महाग पडतो, हे पुन्हा अजिंठाच सांगते. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटणारे रंग धरून ठेवण्यासाठी लाखेचा लेप वापरला गेला. हेतू चांगला होता, चकाकीही आली. काळाच्या ओघात तो थर पिवळा-काळसर पडला आणि पुढील पिढ्यांना तो अतिशय जपून उतरवावा लागला. लाख हीसुद्धा एक राळच. उन्हात पिवळे पडणारे इपॉक्सी तिचे दूरचे भावंड आहे.

२०/ शेवटी माणसे. चकचकीत शोरूममध्ये यंत्र उभे असते आणि माणूसही उभा असतो. टपरीवर कारागीर जमिनीवरच बसतो. जमीन हेच त्याचे आसन आणि हेच त्याचे मेज. ओल्या गुळगुळीत लेपावर पाय घसरतो, म्हणून त्यात वाळू पेरणे ही शोभा नव्हे, सुरक्षितता आहे. लेप लावणाऱ्यांचाही हिशेब मांडला पाहिजे : काँक्रीट घासताना उडणारी सिलिकायुक्त धूळ फुप्फुसे निकामी करू शकते, न मुरलेले रेझिन व हार्डनर त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी लावू शकतात. मास्क आणि हातमोजे हा त्या कामाचाच भाग आहे.

२१/ प्रकाशे येथे १९५५ मध्ये बा. कृ. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उघडे झाले. पुरातत्त्वज्ञ घराचे आयुष्य बहुधा जमिनीच्या थरांवरून वाचतात : कधी चोपली, कधी सारवली, कधी सोडून दिली. उद्या कोणी धुळ्याच्या चौफुलीवर खणले, तर काळी माती, मुरूम, सिमेंट आणि वर पातळ रंगीत रेझिन असा क्रम मिळेल. मराठीत ‘जमीन’ हा एकच शब्द शेताला आणि घराच्या तळालाही लागतो. खानदेशात हा योगायोग वाटत नाही. येथे वरच्या जमिनीचे भवितव्य खालची जमीनच ठरवत आली आहे.