गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर लघवीची नळी: संसर्ग कसा टाळावा?

गर्भाशय काढल्यानंतर मूत्राशय रिकामे राहावे म्हणून काही काळ लघवीची नळी, म्हणजेच कॅथेटर, ठेवतात. नळी असेपर्यंत लघवीत जंतू होण्याची शक्यता दररोज साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून डॉक्टर तपासायला आले की रोज विचारा, "नळी आज काढता येईल का?" स्वतः मात्र ती ओढू नका.

तोपर्यंत ही काळजी घ्या:

- नळी किंवा पिशवीला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवा.
- पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवा, पण जमिनीला टेकू देऊ नका.
- नळीला पीळ पडू देऊ नका. पिशवीपासून ती वेगळी करू नका.
- रोज साबण-पाण्याने पुढून मागे स्वच्छता करा.

थंडी-ताप, ओटीपोटात दुखणे, किंवा नळी काढल्यावर जळजळ किंवा ६ तासांत लघवी न होणे, यांपैकी काहीही असल्यास लगेच डॉक्टरांना कळवा. मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.