राजधानीत न सापडलेलं युद्ध

माझ्या आजीच्या लहानपणी परमुलूख म्हणजे सोलापूर. ते इंग्रजांच्या राज्यात होतं. लातूर निजामाच्या राज्यात, त्यामुळं हैदराबाद ही आपलीच राजधानी. आज सगळं उलटं झालंय. सोलापूरला मी सहज जाऊन येते, आणि हैदराबादला जाताना घरचे म्हणतात, ‘परराज्यात चाललीस, जपून.’

माझ्या पीएच.डी.चा विषय १९४८ सालचा लातूर-नांदेडचा भाग आहे. पहिल्यांदा नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबादला उतरले, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागाराकडं निघाले, तेव्हा डोक्यात शाळेतलं १७ सप्टेंबरचं झेंडावंदन आणि त्यातली भाषणं होती. त्या भाषणांत निजाम, रझाकार, सरदार पटेल आणि भारतीय सैन्य असायचं. साहजिकच वाटत होतं की जिथं राज्य पडलं, त्या शहरात लढाईच्या काहीतरी खुणा दिसतील.

चार दिवस शहरभर फिरले, तशी एकही खूण दिसली नाही. नंतर नकाशा समोर घेऊन बसले तेव्हा कारण कळलं. ते युद्ध राजधानीत झालंच नव्हतं. १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्याची मुख्य फळी सोलापूरकडून आत शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. पुढं राजेश्वर, जहिराबाद असं करत ती सरकत गेली. दुसऱ्या तुकड्या औरंगाबाद-जालन्याकडून आल्या. हैदराबाद सरकारची तक्रार घेऊन सुरक्षा परिषद पॅरिसमध्ये १६ तारखेला बसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निजामानं रेडिओवर युद्धबंदी जाहीर केली, म्हणजे तक्रारीत दम उरलाच नाही. १८ तारखेला जनरल एद्रूस यांनी मेजर जनरल चौधरींपुढं शरणागती पत्करली, तीही शहराबाहेर. राजधानीनं युद्ध ऐकलं ते रेडिओवर. ज्यांनी ते अंगणात पाहिलं, ती आपली गावं.

आता एक कामाची गोष्ट. आपला विषय जिथं घडला असं वाटतं, तिथं त्या घटनेला काय म्हणतात ते आधी वहीत लिहून काढा. दिल्लीच्या कागदांत ‘पोलीस ॲक्शन’ येतं, सैन्याच्या कागदांत ‘ऑपरेशन पोलो’. आपल्याकडं ‘मुक्तिसंग्राम’, तर उर्दू लेखनात ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचं पतन. एकट्या तेलंगणात त्याच तारखेला २०२२ नंतर राष्ट्रीय एकात्मता, मुक्तिदिन, प्रजापालन अशी वेगवेगळी नावं मिळाली. यातलं एक नाव खरं आणि बाकीची खोटी असं नसतं. पण प्रत्येक नाव गोष्ट कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते ठरवून टाकतं. ‘मुक्तिसंग्राम’ म्हटलं की गोष्ट १७ सप्टेंबरला संपते. मीही तिथंच थांबणार होते. माझ्या आराखड्यातलं शेवटचं प्रकरण त्याच तारखेला संपत होतं.

मग पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल वाचला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिघं नेहरूंच्या सांगण्यावरून २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरले. सोळांपैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले. सरकारनं तो अहवाल कित्येक वर्षं प्रसिद्ध केला नाही. नूरानी यांच्या हैदराबादवरच्या पुस्तकात परिशिष्ट म्हणून तो मिळतो. सैन्य आल्यानंतरच्या काळात संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक मुसलमान, असा त्यांचा अंदाज आहे. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या या गावात वीसहून अधिक दिवस कत्तल चालली आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार उरले, असं अहवाल म्हणतो. बाकीचे मारले गेले किंवा पळून गेले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हे गाव माझं आहे.

आकड्यांबाबत सावध राहायलाच हवं. ही जनगणना नव्हती, तीन माणसांनी तीन-चार आठवड्यांत बांधलेला अंदाज होता. आणि याच्या आधीचं वर्षही विसरून चालत नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरलाच वकिली करायचा. गोरट्याचं हत्याकांड घडलं, गावंच्या गावं सीमेपलीकडं छावण्यांत गेली. तेही खरं आहे. पण एका अत्याचाराचा कागद दुसऱ्यावर झाकण म्हणून ठेवणारा प्रबंध मला लिहायचा नाही. शेवटचं प्रकरण आता १७ सप्टेंबरला सुरू होतं. मार्गदर्शक थोडे घाबरलेत, पण नाही म्हणाले नाहीत.

लातूरला परत आल्यावर आजीची जुनी टेप पुन्हा ऐकली. रझाकारांबद्दल ती बारीकसारीक सांगते: कोण आलं, काय नेलं, बायका कुठं लपल्या. पलीकडच्या गल्लीबद्दल मात्र एकच वाक्य: ‘ती मंडळी निघून गेली.’ मुलाखत घेताना मी या क्रियापदावरून तशीच पुढं गेले होते. कुठं, कधी, कशी, यातलं काहीच विचारलं नव्हतं.

मग परत विचारलं. साल-तारीख विचारून उपयोग नसतो, म्हणून सणावरून धरलं.

‘आजी, त्या गल्लीतली दुकानं बंद झाली तेव्हा गणपती होते का?’

‘गणपती उठले होते. पितरपाट लागला होता, अगं.’

‘आणि उघडली कधी?’

‘घट बसले तरी बंदच होती.’ मग बराच वेळ गप्प बसली. ‘तुझ्या पणजोबांनी एक पोरगं धान्याच्या कोठीत ठेवलं होतं. कुणाला सांगू नको म्हणाले होते.’

त्या वर्षीचं पंचांग काढून पाहिलं. पितृपक्ष सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागला आणि घट ऑक्टोबरच्या सुरुवातीला बसले. अहवालातले वीस दिवस तिथंच बसतात. पोराचं पुढं काय झालं, ते मी अजून विचारलेलं नाही. पुढच्या रविवारी जाणार आहे.